घराणं मोठं, पण सही कुणाची?

पवनचक्कीसाठी किंवा सौर प्रकल्पासाठी जमीन मागायला एजंट गावात आला, की कराराच्या कागदाआधी घराण्याचं नाव पुढे येतं. अमुक शेठची कंपनी आहे, तमुक उद्योगसमूहाची आहे; एवढं मोठं घर, ते कशाला तुमचं भाडं बुडवतील? जत-आटपाडीपासून बीड-धाराशिवपर्यंत हेच ऐकायला मिळतं, आणि आता त्याची चीड येते. घराण्यांवर माझा राग नाही. गावातले शिकलेसवरलेले लोकही या बोलण्यावर मान डोलावतात आणि शेजारचा शेतकरी त्यांच्या भरवशावर तीस वर्षांच्या कागदावर अंगठा उठवतो, याचा राग आहे.

तेव्हा आधी हे स्पष्ट करू. करार घराण्याशी होत नाही. बहुतेक वेळा तो समूहाच्या मुख्य कंपनीशीही होत नाही. प्रत्येक प्रकल्पासाठी एक वेगळी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली जाते. धंद्यातले लोक तिला एसपीव्ही म्हणतात. जमीन तिच्या नावे भाडेपट्ट्याने घेतली जाते, कर्ज तिच्या नावे निघतं, वीज खरेदी करारही तिचाच. कंपनी कायद्यानुसार भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या समभागांच्या रकमेपुरती असते. म्हणजे उद्या त्या छोट्या कंपनीने भाडं थकवलं, तर शेठच्या बंगल्यावर किंवा समूहाच्या इतर कारखान्यांवर तुमचा हक्क चालत नाही. मुख्य कंपनीने लेखी हमी दिली असेल तर गोष्ट वेगळी, पण ती हमी कागदावर, सहीशिक्क्यानिशी असावी लागते. सभेत तोंडी दिलेला शब्द म्हणजे हमी नव्हे.

पैशाचंही तसंच. ‘घराण्याने एवढे कोटी ओतले’ असं म्हटलं जातं, पण अशा प्रकल्पात मोठा वाटा कर्जाचा असतो. केंद्रीय वीज नियामक आयोग दर ठरवताना सत्तर टक्के कर्ज आणि तीस टक्के भांडवल हेच प्रमाण धरतो. कर्ज इरेडा, पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन यांसारख्या सरकारी वित्तसंस्था किंवा बँका देतात, आणि त्याची वसुली प्रकल्पाच्या वीजविक्रीतून व्हायची असते. उरलेल्या तीस टक्क्यांतही सगळं घराण्याचं असतं असं नाही. अदानींचं उदाहरण घ्या. अदानी ग्रीन म्हटलं की लोकांना एकच कुटुंब दिसतं. पण २०२१ च्या जानेवारीत फ्रान्सच्या ‘टोटल’ने त्या कंपनीत वीस टक्के वाटा घेतल्याचं जाहीर झालं, आणि त्याच व्यवहारात अदानींच्या दोन हजारांहून जास्त मेगावॉटच्या सौर प्रकल्पांत निम्मी मालकी टोटलची झाली. आडनाव एक आणि मालक दोन, हे या धंद्यात सर्रास चालतं.

मालक बदलतात, याकडे तर कुणी लक्षच देत नाही. गोयंका कुटुंबाच्या वेलस्पनने सौर आणि पवन प्रकल्प उभारले, चालवले आणि २०१६ मध्ये सुमारे ११४० मेगावॉटचा सगळा पसारा टाटा पॉवरला विकला. भारती समूह आणि जपानची सॉफ्टबँक यांची मिळून ‘एसबी एनर्जी’ होती. ती २०२१ मध्ये अदानींकडे गेली. यात बेकायदेशीर काहीही नाही. प्रकल्प उभारायचा, वीज सुरू करायची आणि मग विकून मोकळा झालेला पैसा पुढच्या प्रकल्पात घालायचा, हा या धंद्याचा रीतसर मार्ग आहे. पण ज्या नावावर विश्वास ठेवून तुम्ही जमीन दिली, ते नाव पाच वर्षांनी तिथे असेलच असं नाही. म्हणून भाडेपट्ट्यात हस्तांतराचं कलम काय म्हणतं, नव्या मालकावर जुन्या अटी आणि जुनी थकबाकी दोन्ही बांधील आहेत का, हे वाचायला हवं. घराण्याच्या पुण्याईपेक्षा ही एक ओळ जास्त उपयोगाची आहे.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच चुकीचा: वेगळी कंपनी काढली म्हणजे फसवायचाच बेत. तसं नाही. मुख्य घर कोसळलं तरी प्रकल्प उभा राहावा, यासाठीच ही रचना असते. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस हा वित्तसमूह बुडाला. त्याच्या पवनऊर्जेच्या सात कंपन्या, मिळून सुमारे ८७४ मेगावॉट, मात्र वीज देत राहिल्या. जपानच्या ओरिक्सकडे त्यांत ४९ टक्के होतेच, उरलेले ५१ टक्केही तिने घेतले. पुढे ओरिक्सने आपले भारतातले पवन प्रकल्प ग्रीनको या कंपनीकडे वळते केले. काही वर्षांत मालक दोनदा बदलला, तरी पाती फिरत राहिली. आयएल अँड एफएस समूह कुठल्या घराण्याचा नव्हता, हे खरं. पण रचना तीच.

सुझलॉनचं नाव इथे येणारच. सातारा, सांगली, धुळ्यात दिसेल त्या पवनचक्कीला लोक ‘सुझलॉनची’ म्हणतात. तुलसी तंती आणि त्यांचे भाऊ कापडधंद्यातले. वीजबिल परवडेना म्हणून आधी स्वतःच्या कारखान्यासाठी पवनचक्क्या विकत घेतल्या आणि १९९५ मध्ये स्वतः त्या बनवायला लागले. कंपनीचं मुख्यालय पुण्यात. पण सुझलॉन ही मुख्यतः बनवणारी आणि देखभाल करणारी कंपनी. मनोऱ्यावरचं नाव बनवणाऱ्याचं, मालक भलताच असू शकतो. दुचाकी बनवणाऱ्या बजाज ऑटोनेही साताऱ्यात पवनचक्क्या घेतल्या. २०१२ मध्ये सुझलॉनला परकीय रोख्यांची सुमारे वीस कोटी डॉलरची रक्कम वेळेवर फेडता आली नाही, तेव्हा ‘आता पवनचक्क्या बंद पडणार’ अशी आवई उठणं साहजिक होतं. पण कर्ज बनवणाऱ्याच्या डोक्यावर होतं, आणि पवनचक्क्या ज्यांनी विकत घेतल्या त्यांच्या होत्या. २०१५ मध्ये सुझलॉनमध्ये १८०० कोटी घालणारं आणखी एक कुटुंबच होतं, सन फार्माच्या दिलीप संघवींचं. नवा पैसा आल्यावर तंतींचा एकहाती ताबा राहिला नाही.

प्रकल्पाचा खरा आधार घराण्याचं नाव नव्हे, तर वीज कोण घेणार आणि किती वर्षं, हा असतो. आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये जुने वीज खरेदी करार पुन्हा उघडायचं ठरवलं, तेव्हा मोठमोठ्या नावांच्या कंपन्या अडचणीत आल्या. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करारातले दर कायम ठेवले, तेव्हा कुठे त्यांनी श्वास घेतला.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो. पवनचक्क्या ढग पळवत नाहीत. माण-खटाव पर्जन्यछायेत आहेत आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या डोंगरांवर एकही पवनचक्की नव्हती. पाटण तालुक्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या असतानाच जुलै २०२१ मध्ये त्याच तालुक्यात अतिवृष्टीने दरडी कोसळल्या. सौर पॅनेलमधून किरणोत्सर्ग होत नाही. प्रकल्पाची वीज गावाला फुकट मिळत नाही; ती उपकेंद्रात जाते आणि करार केलेला खरेदीदार ती घेतो. ‘सगळं सरकारी अनुदानावर चालतं’ हेही जुनं झालं: पवनचक्कीवरची वेगवान घसाऱ्याची करसवलत ८० टक्क्यांवरून २०१७ मध्ये ४० टक्क्यांवर आली आणि त्याच वर्षीच्या पहिल्या देशव्यापी लिलावात पवनविजेचा दर ३ रुपये ४६ पैशांवर उतरला. कंपनीने कर्ज काढलं म्हणून भाडेपट्ट्याने दिलेली तुमची जमीन बँक जप्त करू शकत नाही. बँकेकडे गहाण जातो तो कंपनीचा भाडेपट्ट्याचा हक्क. मात्र भाडेपट्ट्याच्या नावाखाली कुलमुखत्यारपत्र किंवा साठेखत पुढे सरकवलं असेल, तर हे आश्वासन लागू नाही. कागदाचं शीर्षक आधी वाचा.

आणि हे सगळं तपासायला वकीलच हवा असंही नाही. करारावर कंपनीचा सीआयएन, म्हणजे २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. त्यातच राज्याची दोन अक्षरं आणि स्थापनेचं वर्ष दडलेलं असतं. गेल्याच वर्षीचं साल दिसलं, तर ‘साठ वर्षांचं घराणं’ तुमच्यासमोर बसलेलं नाही हे उमगेल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्यावर किती बोजा नोंदला आहे तेही दिसतं. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंद झाली की दुय्यम निबंधकाकडे त्याची सूची क्रमांक दोन तयार होते, आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर ती पाहता येते. बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याने कुणाला, किती मोबदल्यात जमीन दिली, हे तिथे मराठीत लिहिलेलं असतं. सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारने हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ धरली आहे. एजंटने सांगितलेला आकडा त्या सव्वा लाखाशी आणि शेजारच्या सूची दोनशी ताडून पाहायचा, आणि नंतरच घराण्याच्या नावावर बोलायचं.