फलसफी म्हणजे नेमका कोण?

बारावीनंतर मुलगी म्हणाली, 'मला तत्त्वज्ञान शिकायचंय', की आपल्या बऱ्याच घरांत एकच जवाब मिळतो: 'फलसफा झाडून पोट भरतं का?' अम्मी-अब्बूंची काळजी खोटी नाही. पण फलसफी म्हणजे नुसत्या मोठ्या गोष्टी करणारा, हा समज आपण एकदा तपासून बघू या.

आपल्याकडे हकीम म्हणजे युनानी दवा देणारा. अरबीत हकीम म्हणजे शहाणा, हिकमतवाला माणूसही. इब्ने सीना (980-1037) दोन्ही अर्थांनी हकीम होते. तत्त्वज्ञानही लिहायचे, रोग्यांची नाडीही बघायचे.

अशी माणसं आपल्या महाराष्ट्रातही झाली. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे. माडिया गोंड आदिवासींसाठी बाबा आमटे यांनी 1973 मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. बाबा मूळचे वकील. वरोऱ्यात एका कुष्ठरोग्याला बघून ते घाबरून पळाले होते. घाबरतात तर सगळेच. पण 'मी घाबरलो कशाला?' हा सवाल त्यांनी सोडला नाही. ते परत फिरले, त्या माणसाची सेवा केली. पुढे आनंदवन उभं राहिलं.

बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी हेमलकसाच्या जंगलात राहायला गेले. माडिया भाषा शिकले, दवाखाना चालवला, 1976 मध्ये शाळा सुरू केली. इथल्या लोकांच्या अंगावर पुरेसं कापड नाही, मग आपल्याला किती लागतं? या सवालाचं उत्तर प्रकाशभाऊंनी भाषणात दिलं नाही. ते अर्धी चड्डी आणि बनियनवर राहू लागले. 2008 मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यांच्यापैकी कुणीही तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नव्हता. मग फलसफी कोण? आमच्या मते, जो स्वतःला अवघड सवाल विचारतो, उत्तर सापडेपर्यंत पळत नाही आणि सापडलं की त्याप्रमाणे जगणं बदलतो. आपल्या भाषेत सांगायचं, तर इल्मसोबत अमल.

म्हणून घरातलं लेकरू हा विषय मागेल, तेव्हा नोकरीचा हिशोब जरूर करा. वकिली, शिक्षकी, स्पर्धा परीक्षा, या वाटांवर हा विषय कामी येतो. पण त्याआधी त्याला एवढं विचारा: 'बेटा, तुला कुठला सवाल झोपू देत नाही?' आणि त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्या.