कोणाची कोण? — नंदुरबारच्या पहिल्या स्त्री-खासदारांची कारकीर्द

लग्नकार्याच्या मांडवांत एखादी अनोळखी तरुणी दिसली, कीं आमच्या घरांतील वडीलधारी मंडळी प्रथम एकच प्रश्न विचारतात : "ही कोणाची कोण?" तिचें नांव काय, ती काय शिकली, काय करते, हे प्रश्न मागाहून येतात, कधीं कधीं येतही नाहींत. या विचारण्यांत आम्हांस मोठासा दोष दिसत नाहीं. एकत्र कुटुंबांत माणसाची ओळख नात्यावरून पटते, आणि त्यांत सोयही आहे. परंतु जी स्त्री लोकांपुढें उभी राहून स्वतःच्या नांवानें मत मागते, तिलाही हाच प्रश्न आधीं विचारला जातो, तेव्हां मात्र थोडें थांबून विचार करणें अवश्य होतें. नंदुरबारच्या डॉ. हीना गावित यांची हकीकत वाचकांस सांगण्याचें आम्हीं मनांत आणलें, तें याच कारणानें.

प्रथम त्यांच्या मुलखाची ओळख करून घेऊं. धुळें जिल्ह्याचे दोन भाग होऊन १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व पलीकडे नर्मदा, खालच्या सपाटींतून वाहणारी तापी, आणि नंदुरबार, नवापूर, शहादें, तळोदें, अक्कलकुवा व अक्राणी असे सहा तालुके. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं शिरीषकुमार मेहता हा कोवळा विद्यार्थी याच नंदुरबारांत पोलिसांच्या गोळीस बळी पडला, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. नंदुरबारची मिरचीही त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोंचलेली असते. मात्र त्यापुढें आमची माहिती बहुधा जात नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ भरली, आणि तींत शेंकडा सुमारें ६९ लोक आदिवासी होते : भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. त्या वेळीं महाराष्ट्रांत शेंकडा ८२ लोकांस लिहितां-वाचतां येत होतें, तर या जिल्ह्यांत शेंकडा ६४ जणांसच. बालकांचें कुपोषण व रक्तांतील सिकलसेल हा विकार या दोन दुखण्यांनीं हा डोंगराळ भाग फार दिवस गांजलेला आहे.

लोकसभेचा नंदुरबार मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठीं राखीव आहे. जिल्ह्यांतील अक्कलकुवा, शहादें, नंदुरबार व नवापूर हे चार, आणि धुळें जिल्ह्यांतील साक्री व शिरपूर हे दोन, असे सहा विधानसभा-मतदारसंघ त्यांत येतात. हे सहाही राखीवच आहेत. कित्येक दशकें ही जागा काँग्रेसच्या पदरीं ठरलेली असे. १९८१ सालच्या पोटनिवडणुकीपासून श्री. माणिकराव गावित येथून लागोपाठ नऊ वेळां निवडून आले. २००९ मध्यें नव्या लोकसभेच्या सभासदांस शपथ देण्याचा मान हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांच्याकडेच आला होता. अशा पुरुषासमोर उभें राहण्यास मोठें धाडस लागतें.

२०१४ सालीं भारतीय जनता पक्षानें त्यांच्यासमोर डॉ. हीना गावित यांना उभें केलें. २८ जून १९८७ चा त्यांचा जन्म. म्हणजे मतमोजणीच्या दिवशीं त्यांस सत्तावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. वैद्यकशास्त्राचें शिक्षण घेतलेली ही मुलगी ज्या गृहस्थांशीं झुंजत होती, ते तिच्या जन्मापूर्वीं सहा वर्षें खासदार झालेले होते. निकाल लागला तेव्हां बाईंना ५,७९,४८६ आणि माणिकरावांना ४,७२,५८१ मतें पडलेलीं होतीं. नंदुरबारांतून लोकसभेवर गेलेली ही पहिली स्त्री, आणि तेथून निवडून आलेली भारतीय जनता पक्षाचीही पहिलीच व्यक्ति. त्या वर्षीं देशभर त्या पक्षाची लाट होती, हें खरेंच. परंतु लाट आली म्हणून सर्वांच्याच होड्या पार होतात असें नाहीं. वल्हें कोणाच्या तरी हातीं असावें लागतें.

येथें आमच्या घरांतील मंडळी तो प्रश्न पुढें करतील, आणि त्याचें उत्तर लपविण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. डॉ. हीना या डॉ. विजयकुमार गावित यांच्या कन्या. विजयकुमार १९९५ पासून नंदुरबारचे आमदार व पुढें राज्याचे मंत्री. कन्येनें दुसऱ्या पक्षाची उमेदवारी घेतली, तेव्हां ते राष्ट्रवादी काँग्रेसच्या वतीनें मंत्रिमंडळांत होते. त्या प्रकरणांत मार्च २०१४ मध्यें त्यांचें मंत्रिपद गेलें. त्याच वर्षीं तेही भारतीय जनता पक्षांत आले. धाकटी बहीण सुप्रिया २०२२ मध्यें जिल्हा परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. तेव्हां ही वाट बाईंनीं एकटीनें रानांतून काढली, असें म्हणणें सत्याला धरून होणार नाहीं. घराचें नांव, घरचीं माणसें, घरचा अनुभव हें सारें त्यांच्या पाठीशीं होतें.

पण म्हणून त्यांचें कर्तृत्व बाद धरावें काय? वकिलाचा मुलगा वकील झाला, किंवा वैद्याच्या मुलानें वडिलांच्याच ओट्यावर दवाखाना थाटला, म्हणजे आम्ही त्याचें कौतुकच करतों. "बापाचें नांव राखलें" म्हणतों. मुलीनें तेंच केलें, कीं "बापाच्या जिवावर" असा शब्द निघतो. एकाच तराजूला दोन मापें लावण्याचा हा प्रकार आहे. घराण्याच्या राजकारणास आक्षेप घ्यावयाचा तर तो अवश्य घ्यावा, त्यास आमचीही संमति आहे. परंतु तो मुलगा व मुलगी दोघांसही सारखाच लागू करावा.

हा प्रश्न आमच्याच देशांत विचारला जातो, असें मात्र कोणीं समजूं नये. युरोपच्या मध्यावर वसलेला स्वित्झर्लंड देश लोकशाहीसाठीं प्रसिद्ध आहे. तेथें कायद्यावर थेट जनतेचें मत घेतात. पण ती जनता म्हणजे कोण? १९५९ मध्यें स्त्रियांना मताधिकार द्यावा काय, हा प्रश्न तेथील पुरुषांपुढें आला, तेव्हां तीनांतील दोघांनीं "नको" म्हणून सांगितलें. अखेर ७ फेब्रुवारी १९७१ रोजीं त्यांनींच तो हक्क मान्य केला. आमच्या मुंबई इलाख्यांत कांहीं स्त्रियांना १९२१ मध्येंच मत मिळालें होतें, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, १९५१-५२ सालीं, सातपुड्यांतील निरक्षर भिल्ल बाईलाही पुरुषाइतकाच मताचा अधिकार होता. झूरिकच्या सुशिक्षित गृहिणीला देशाच्या निवडणुकींत तो मिळण्यास पुढें जवळ जवळ वीस वर्षें लागलीं!

त्या देशाच्या मंत्रिमंडळांत बसलेली पहिली स्त्री म्हणजे एलिझाबेथ कोप. त्या उदारमतवादी पक्षाच्या. झूरिकजवळील झुमिकोन गांवच्या कारभाराची सूत्रें त्यांनीं १९७४ मध्यें हातीं घेतलीं, १९७९ मध्यें त्या संसदेंत गेल्या, आणि २ ऑक्टोबर १९८४ रोजीं सात जणांच्या संघीय मंत्रिमंडळावर निवडून आल्या. न्याय व पोलीस खातें त्यांच्याकडे आलें. १९८८ मध्यें त्यांनीं आपल्या यजमानांस दूरध्वनि करून, एका कंपनीची चौकशी होण्याचा संभव असल्यानें तिच्या संचालकपदावरून बाजूस व्हा, असें सुचविलें. ही गोष्ट उघडकीस येऊन मोठा गहजब झाला, आणि जानेवारी १९८९ मध्यें त्यांनीं पद सोडलें. १९९० मध्यें न्यायालयानें त्यांना निर्दोष ठरविलें, पण गेलेलें पद परत आलें नाहीं. एकीला माहेरच्या नांवानें वाट दिली, दुसरीची वाट यजमानांच्या व्यवहारानें अडविली. राजकारणांतील स्त्रीचा पाय घराच्या उंबरठ्यांत असा अडकलेला असतो. तो कधीं आधार होतो, कधीं ठेंच.

आतां गावितबाईंच्या कामाकडे वळूं. लोकसभेंत पाठीमागच्या बाकावर मुकाट्यानें बसून वर्षें काढणारे सभासद पुष्कळ असतात. त्यांत यांची गणना करतां येत नाहीं. प्रश्न विचारणें, चर्चेंत भाग घेणें, खाजगी विधेयकें मांडणें या बाबतींत त्या पुढें असत, आणि संसदेंतील कामगिरीबद्दल एक खाजगी संस्था देते तो संसदरत्न पुरस्कार त्यांना मिळाला. ऑगस्ट २०१८ मध्यें धुळें येथें जिल्हाधिकारी कचेरीबाहेर आंदोलकांच्या जमावानें त्यांच्या मोटारीची मोडतोड केली. तेव्हां हा प्रसंग त्यांनीं लोकसभेंत उभें राहून स्वतः सांगितला. २०१९ मध्यें काँग्रेसचे श्री. के. सी. पाडवी यांचा ९५,६२९ मतांनीं पराभव करून त्या पुन्हा निवडून आल्या. या खेपेस त्यांना ६,३९,१३६ मतें होतीं. २०२० मध्यें पक्षानें त्यांना राष्ट्रीय प्रवक्त्या नेमलें.

त्यांच्या संसदीय कारकिर्दींतील एक प्रसंग आम्हांस विशेष वाटतो. २ फेब्रुवारी २०२४ रोजीं राष्ट्रपतींच्या अभिभाषणाबद्दल आभार मानणारा ठराव लोकसभेंत त्यांनीं मांडला. राष्ट्रपतिपदावर श्रीमती द्रौपदी मुर्मू होत्या, त्या पदावर आलेल्या पहिल्या आदिवासी. एका आदिवासी स्त्रीनें केलेल्या भाषणाबद्दल दुसऱ्या आदिवासी स्त्रीनें आभाराचा ठराव मांडावा, ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीं कोणीं भाकीत म्हणून सांगितली असती, तर तिजवर विश्वास बसता ना.

याच्या चारच महिन्यांनीं नंदुरबारच्या मतदारांनीं त्यांना घरीं पाठविलें. काँग्रेसचे अॅड. गोवाल पाडवी यांस ७,४५,९९८ आणि बाईंना ५,८६,८७८ मतें पडलीं. गोवाल हे के. सी. पाडवी यांचे चिरंजीव. तेव्हां "कोणाची कोण" हा प्रश्न त्या बाजूसही होताच, मात्र तो कोणी फारसा विचारला नाहीं! आणखी एक मौज पाहण्यासारखी आहे. २०१४ सालीं ज्या आंकड्यावर बाई विजयी झाल्या, त्यापेक्षां पराभवाच्या वेळीं त्यांना ७,३९२ मतें अधिकच होतीं. म्हणजे त्यांच्या पदरचीं माणसें पहिल्या विजयापेक्षां घटलेलीं नव्हतीं, पलीकडची गर्दी फार वाढली होती. त्या गर्दीचीं कारणेंही लक्षांत घेतलीं पाहिजेत. दहा वर्षें प्रतिनिधित्व करूनही डोंगरांतील रस्ता, दवाखाना व पोषण यांची तक्रार उरली असेल, तर मतदारानें ती मतपेटींतूनच सांगावयाची असते. पुरस्काराचें पदक दिल्लींत चमकतें. अक्राणीच्या पाड्यावर त्याचा उजेड पोंचतोच असें नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस विधानसभेची निवडणूक आली. अक्कलकुव्याची जागा मित्रपक्षाकडे, म्हणजे शिवसेनेकडे गेली. तेव्हां बाईंनीं पक्षाचा राजीनामा दिला आणि त्या अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. मतदारसंघ अत्यंत अवघड, डोंगराळ. पाठीशीं पक्षाचें चिन्ह नाहीं. २३ नोव्हेंबर २०२४ रोजीं मतमोजणी झाली, तेव्हां शिवसेनेचे श्री. आमश्या पाडवी निवडून आले आणि बाई तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या. त्याच दिवशीं त्यांचे वडील नंदुरबारांतून पुन्हा विजयी झाले, भारतीय जनता पक्षाच्याच चिन्हावर.

राजीनामा देण्याचा त्यांचा निर्णय बरोबर कीं चूक, हा न्याय आम्ही करीत नाहीं. पक्षशिस्तीचा भंग म्हणून त्यास नांवें ठेवणारे आहेत, आणि स्वाभिमान म्हणून वाखाणणारेही आहेत. आमच्या मतें महत्त्वाचें एवढेंच, कीं "बापाच्या जिवावर" हा शब्द निदान या एका निवडणुकीस लागू करतां येत नाहीं. वडील एका पक्षांत, मुलगी त्या पक्षाबाहेर; विजय वडिलांच्या वांट्यास, पराभव हिच्या. आणि पराभव ज्याचा त्यालाच सोसावा लागतो, त्याला घराणें भागीदार होत नाहीं.

पुढील काळांत अशा स्त्रिया अधिक येतील. लोकसभेंत व विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखण्याची घटनादुरुस्ती २०२३ मध्यें संमत झाली आहे. महाराष्ट्रांतील स्थानिक स्वराज्य संस्थांत तर २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. येणाऱ्यांपैकीं अनेकजणी कोणाच्या तरी कन्या, सुना वा पत्नी असतील. पहिल्या पिढीस दार बहुधा घरच्याच किल्लीनें उघडतें. पाहावयाचें तें हें, कीं आंत गेल्यावर ती स्वतःच्या तोंडानें बोलते कीं घरच्यांचा निरोप सांगते.

आणि हा प्रश्न केवळ नंदुरबारकरांस विचारून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबांत आठ-दहा मतदार असतात. मतदानाच्या आदल्या रात्रीं पानावर बसलेले वडील कोणास मत द्यावयाचें तें सांगतात, वाढणाऱ्या सुना तें ऐकतात, आणि सकाळीं सारीं मतें एकाच खान्यांत पडतात. सुशिक्षित म्हणविणाऱ्या किती घरांत याहून निराळें घडतें? सातपुड्यांतील कन्या बापाची कीं स्वतःची, हें विचारण्यापूर्वीं आपल्या घरांतील सुनेचें मत तिचें स्वतःचें आहे कीं आपलें, हें तिलाच एकदां विचारून पाहावें. आणि विचारल्यावर ती जें सांगेल तें ऐकून घेण्याची तयारी ठेवावी.