बाटलीवरचा मोगरा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या जबलपूरच्या खमरियातल्या क्वार्टरवर कुरियरची दोन खोकी आली. दुकानं दोन, दोन्हीही ऑनलाइन. बाटल्यांवर नाव मात्र एकच, मोगरा. दिवाळीला अभ्यंगासाठी घरीच साबण करायचा, चार शेजारणींना द्यायचा, एवढाच बेत होता. त्यासाठी दहा-दहा मिलीच्या या दोन बाटल्या.

पहिलीचं बूच काढलं आणि स्वयंपाकघर गोड वासाने भरून गेलं. लगेच आवडावा असा वास. दुसरी उघडली तर नाक मागे सरलं. उग्र, थोडा कपाटातल्या डांबरगोळ्यांसारखा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी कुजकट. शेजारच्या काकू तेव्हा चहाला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, हे खराब झालंय, परत पाठवून दे.”

मी परत पाठवलं नाही. ड्रॉइंग पेपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीच्या टोकाला एकेक थेंब लावला, मागे पेन्सिलीने खूण केली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्याने टांगल्या. दोन तासांनी पाहिलं, रात्री झोपताना पाहिलं, सकाळी उठल्यावर पाहिलं. रात्रीपर्यंत पहिल्या पट्टीवर नुसता गोडवा उरला होता, नव्या प्लॅस्टिकच्या डब्यासारखा. सकाळी तोही गेला. दुसऱ्या पट्टीवरच्या डांबरगोळ्या मात्र दोन तासांतच विरल्या होत्या आणि सकाळी त्या कागदाला मोगरा येत होता. कळ्यांचा ताजा वास नव्हे. लग्नाहून आल्यावर केसांतला गजरा काढून उशाशी ठेवावा आणि पहाटे जाग येताच त्याचा यावा, तसा.

काकूंचं नाक चुकलं नव्हतं. मोगऱ्यात इंडोल नावाचा पदार्थ असतोच. नुसता, दाट स्वरूपात तो हुंगला तर डांबरगोळ्या आठवतात, विष्ठेतही तो असतो. पण फुलात तो अगदी थोडा असतो आणि बेंझिल ॲसिटेट, लिनालूल यांच्या गोड, हलक्या वासाखाली बसून फुलाला जिवंतपणा देतो. तो काढून टाकला की मोगऱ्याचं चित्र उरतं, मोगरा उरत नाही. स्वस्त मिश्रणांतून तो बऱ्याचदा गाळतात, कारण बूच उघडताक्षणी गिऱ्हाइकाला आवडलं नाही तर बाटली परत येते. आणि वर्णन? जिच्यावर बागेतल्या ताज्या कळ्यांचं भरघोस वर्णन होतं ती पहिली बाटली. दुसरीवर जेमतेम दीड ओळ होती आणि त्यात इंडोलचा उल्लेख होता. ती ओळ मला तेव्हा वाचता आली नाही, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं, की सुगंधी तेल विकत घेताना वर्णनातली विशेषणं सोडावीत आणि नामं वाचावीत. पण नामांशीही जपून वागावं लागतं. आपल्याकडे जाई वेगळी, जुई वेगळी, मोगरा वेगळा. लहान मुलीलाही डोळे मिटून कळतं. ऑनलाइन दुकानात सगळ्यांचं मिळून एक ‘जास्मिन’ होतं. जाई म्हणजे जास्मिनम ग्रँडिफ्लोरम, हिंदीत चमेली. जुई म्हणजे ऑरिक्युलेटम. मोगरा म्हणजे साम्बॅक. विक्रेत्याने हे लॅटिन नाव दिलं नसेल तर काय येणार ते कळायला मार्ग नाही. चाफ्याची तर आणखी गंमत. सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, नागचाफा ही चार वेगळ्या कुळांतली झाडं, आणि त्यांचे वास एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. बाटलीवर मात्र ‘चंपा’. आमच्या जबलपुरात भर पडते ती हिंदीची. इथे मोगऱ्याला मोतियाही म्हणतात, कनौजचे अत्तरवालेही तेच म्हणतात. पण सुगंधी तेलाच्या व्यापारात मोतिया हे एका गवताच्याही जातीचं नाव आहे.

त्या गवताची हकिगत सांगितलीच पाहिजे, कारण ते आपलंच आहे. रोशा किंवा तिखाडी, इंग्रजीत पामरोझा. खानदेश, निमाड, बैतूल, मेळघाट, सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर ते आपोआप उगवतं. पावसाळा सरला, गवत फुलावर आलं की ते कापायचं, ओढ्याकाठी भट्टी लावायची, वाफेबरोबर तेल काढायचं, हा जुना धंदा. मोतिया जातीच्या तेलात जिरॅनिऑल तीन-चतुर्थांशाहून अधिक असतं, आणि गुलाबाच्या तेलातलाही एक मुख्य घटक जिरॅनिऑलच. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे ते उन्हात ठेवून फिकट करत आणि बल्गेरियाच्या गुलाबतेलात मिसळत. युरोपच्या बाजारात त्याला नाव पडलं ‘टर्किश जिरेनियम’. ते तुर्कस्तानचं नव्हतं आणि त्याचा जिरेनियमशी काही संबंध नव्हता. खानदेशातलं गवत बल्गेरियाचा गुलाब म्हणून पॅरिसला पोचत होतं, आणि ज्याने ते कापलं त्याच्या गावाचं नाव कुठल्याच बाटलीवर नव्हतं. मला याचा आजही राग येतो. रोशाचं तेल स्वतः काही कमी नाही. गुलाबासारखं, पण अंगावर वाळक्या गवताची ऊब असलेलं. साबणात ते छान टिकतं. त्याला त्याच्याच नावाने विकलं असतं तर काय बिघडलं असतं?

फसवणूक बाजूला ठेवली तरी एक अडचण राहतेच. शब्द नाकावर बसतात. रेचेल हर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. एकच मिश्रण लोकांना दोनदा हुंगायला दिलं. एकदा सांगितलं हे पार्मेझान चीज आहे, एकदा सांगितलं ही ओकारी आहे. पहिल्या नावाने लोकांना ते बरं वाटलं, दुसऱ्या नावाने किळस आली. मग ‘पहिल्या पावसाची माती’ असं लिहिलेली बाटली आपण उघडतो तेव्हा आपल्या मनाने निम्मा पाऊस आधीच पाडलेला असतो. म्हणून मी आता बाटली आली की लेबलवर कागद चिकटवते, आकडा घालते आणि वर्णन दोन दिवसांनी वाचते.

शिवाय नाक प्रत्येकाचं वेगळं. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राही असतात आणि त्यांची जनुकं माणसागणिक थोडी बदलतात. व्हायोलेटच्या फुलातला बीटा-आयोनोन काहींना स्पष्ट फुलाचा येतो, काहींना आंबूस, काहींना फारसा येतच नाही. आणि हा फरक बराचसा एकाच जनुकामुळे पडतो, असं २०१३ मध्ये दिसून आलं. वर्णनाखाली शंभर जणांनी ‘अप्रतिम’ लिहिलं असेल, तेही खोटं बोलत नसतील. पण ती त्यांची नाकं.

कस्तुरीच्या बाबतीत हे फार जाणवतं. काही कृत्रिम कस्तुरी काही लोकांना अजिबात ऐकू येत नाहीत. हो, अत्तरवाले वास ‘ऐकतात’ असंच बोलावंसं वाटतं. खरी कस्तुरी विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे ऑनलाइन मिळणारी प्रत्येक कस्तुरी प्रयोगशाळेतली, आणि ती तशीच असावी. तिचा जन्म मात्र आमच्या खमरियाला ओळखीचा वाटावा असा आहे. खमरिया म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला दारूगोळ्याचा कारखाना आणि त्याच्याभोवतीची आमची वसाहत. टीएनटी हा शब्द इथे घराघरांत माहीत. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ टीएनटीपेक्षा सरस स्फोटक शोधत होता. स्फोटक काही जमलं नाही, पण जे पदार्थ तयार झाले त्यांना कस्तुरीचा वास होता. त्यातूनच नायट्रो-मस्क नावाचं सगळं घराणं निघालं. पुढे त्यातल्या काहींनी त्वचेला आणि पर्यावरणाला त्रास होतो असं दिसलं. मस्क अँब्रेट सुगंधी उद्योगाने स्वतःच बाद केलं, मस्क झायलीनला युरोपने दार बंद केलं. म्हणून ‘कस्तुरी’ या शब्दापुढे कुठली कस्तुरी हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. चांगला विक्रेता सुरक्षिततेची पत्रिका आणि इफ्राचं, म्हणजे सुगंधी उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांचं, प्रमाणपत्र मागितल्याबरोबर पाठवतो. त्यात कशासाठी जास्तीत जास्त किती टक्के वापरायचं ते असतं. जो टाळाटाळ करतो त्याचं मी घेत नाही.

किमतीवरूनही पुष्कळ कळतं. एक किलो गुलाबतेलाला साधारण ३,००० ते ५,००० किलो पाकळ्या लागतात. मोगऱ्याचं तेल वाफेने वेगळं काढून विकण्याइतकं हाती येत नाही; कनौजला तांब्याच्या देगेतली वाफ भपका नावाच्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरवतात, नाहीतर द्रावकाने अर्क काढतात. तेव्हा दीडशे रुपयांत ‘शंभर टक्के शुद्ध मोगरा इसेन्शियल ऑइल’ असू शकत नाही. स्ट्रॉबेरी, समुद्र, पाऊस यांचं तर इसेन्शियल ऑइल नसतंच. समुद्राचा म्हणून जो वास येतो तो बहुतेक कॅलोन, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६६ मध्ये सापडलेला. कृत्रिम असणं हा दोष नव्हे. माझ्या साबणातला मोगराही कृत्रिमच आहे. फक्त त्यावर शुद्ध असं लिहू नये.

पावसाच्या मातीचा अपवाद करावा लागेल. कनौजला मातीच्या भाजलेल्या चकत्या देगेत घालून मिट्टी अत्तर काढतात. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ मध्ये या वासाला ‘पेट्रिकोर’ नाव दिलं, तेव्हा त्यांनी उत्तर प्रदेशातल्या या धंद्याची दखल घेतली होती. आपल्याकडे मृद्गंध हा शब्द होताच. खरं मिट्टी अत्तर कोरडं असतं, माठाच्या तोंडाशी नाक नेल्यासारखं. त्याच नावाने येणारी गोड, हिरवट तेलं वेगळीच काही असतात.

खसचंही तसंच. जबलपूरच्या मे महिन्यात ज्यांनी कूलरच्या खसच्या ताट्यांवर पाणी मारलंय त्यांना हा वास शिकवायला नको. मुळांचा, मातकट, थोडा धुरकट, ओल्या लाकडासारखा. ऑनलाइन ‘खस’ मागवलं तर पुष्कळदा येतं ते हिरव्या सरबताचं भावंड. तांब्याच्या देगेतल्या रूह खसला हिरवी छटा असते खरी, पण वासात सरबत नसतं. इथे मला वर्णनाची गरजच पडत नाही. लहानपणीच्या दुपारी पुरतात.

मातकट, धुरकट, कुबट, खवट, उबट, करपट, आंबूस, ओशट, खमंग. मराठीत वासाचे शब्द किती नेमके आहेत बघा. मलाय द्वीपकल्पातले जहाई लोक वासांची नावं रंगांइतक्या सहजपणे सांगतात, असं असिफा माजिद यांचं संशोधन आहे. आपणही त्यांच्या जवळपास जाऊ शकतो. पण हे शब्द आपण स्वयंपाकघरात आणि माळ्यावर वापरतो, अत्तराशी आलो की ‘मोहक’ आणि ‘मंत्रमुग्ध’ म्हणतो. मी वही केली आहे. तिच्यात चांगल्या वासांनाही हेच शब्द लावते. चंदन: दुधाळ, लाकडी, पट्टीवर तिसऱ्या दिवशीही. केवडा: पहिल्यांदा टोचरा, मग मधाळ. रोशा: गुलाब, पण वाळका. अशा वीसेक नोंदी झाल्या की दुसऱ्याच्या वर्णनातलंही काय खरं ते ओळखू येऊ लागतं.

बाकी रीत साधी आहे. पाच-दहा मिलीच मागवावं. एका बैठकीला तीन-चारपेक्षा जास्त हुंगू नये, नाक थकतं; मधे कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा गच्चीवर जाऊन यावं. पहिल्या पाच मिनिटांवरून ठरवू नये, कारण लिंबू-संत्र्यासारखे हलके रेणू तेव्हाच उडून जातात आणि तुमच्या घरात राहणार ते तळाचे जड रेणू. आणि ज्यात वापरायचं त्यातच पारखावं. कागदावरचा वास मेणात वेगळा येतो, कॉस्टिकच्या साबणात आणखी वेगळा. लवंगेतला युजेनॉल पडला की साबण भांड्यातच घट्ट होऊ लागतो, साच्यात ओतायला सवड देत नाही. व्हॅनिलिन असेल तर पांढरा साबण महिन्याभरात चॉकलेटी होतो. हे वर्णनात क्वचितच असतं, म्हणून विचारून घ्यावं.

दुसऱ्या बाटलीतल्या मोगऱ्याचा मी दोनशे ग्रॅमचा एक लहानसा घाणा केला, तेलांच्या तीन टक्के सुगंध घालून. ओतताना पुन्हा डांबरगोळ्या आल्या आणि मन थोडं खट्टू झालं. वड्या कापून, जुन्या साडीचा तुकडा अंथरून कपाटावर ठेवल्या. चार आठवड्यांनी काकूंना एक वडी नेऊन दिली, काही न सांगता. त्यांनी ती नाकाशी धरली, डोळे मिटले आणि विचारलं, “गजरा कुठून आणलास गं?”