कूल म्हणजे किती कूल?

ऑफिसात एसी १८ वर ठेवायचा की २४ वर, यावरून रोज महायुद्ध होतं ना? मग आज जरा आणखी खाली उतरू या. पार तळापर्यंत. उणे २७३.१५ सेल्सिअस, म्हणजे झीरो केल्विन. याहून थंड काही असूच शकत नाही.

या तळाकडे जाताना सगळे शहाण्यासारखे गोठत जातात. ऑक्सिजन, नायट्रोजन, अगदी हायड्रोजनसुद्धा. हट्टी एकच, तुमच्या बर्थडेच्या फुग्यातला हेलियम! उणे २६९ ला तो कसाबसा द्रव होतो आणि नंतर कितीही थंड करा, गोठायचं नाव घेत नाही. गोठवायचाच तर हवेच्या साधारण २५ पट दाब द्यावा लागतो. अणू हलके, एकमेकांची ओढ जवळपास नाहीच, आणि क्वांटमच्या नियमांमुळे त्यांना स्वस्थ बसणं जमत नाही.

नेदरलँड्सच्या लायडन शहरात कामरलिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ ला पहिल्यांदा द्रव हेलियम बनवला. तीनच वर्षांत त्याच थंडीत त्यांना दिसलं की पाऱ्याचा विद्युतरोध चक्क गायब होतो. सुपरकंडक्टिव्हिटी ती हीच. १९१३ चं नोबेल त्यांना मिळालं.

पण खरी भन्नाट गोष्ट पुढे आहे. द्रव हेलियम २.१७ केल्विनच्या खाली नेला की त्याचं उकळणं एकदम थांबतं. मग तो असल्या बारीक फटीतून सुळकन निसटतो, जिथून साधा द्रव जाणारच नाही. उघड्या पेल्यात ठेवा, अदृश्य थर बनून भिंत चढतो, पलीकडे उतरतो आणि तळाशी थेंब थेंब गळतो. पेला आपोआप रिकामा! याला म्हणतात सुपरफ्लुइड.

हे शोधलं कोणी? इथे ऑफिस पॉलिटिक्सलाही लाजवेल अशी स्टोरी आहे. प्योत्र कापित्सा केंब्रिजमध्ये १३ वर्षं रमले होते, हेलियम द्रव करायचं मशीनही त्यांनी तिथेच बनवलं. १९३४ ला ते मायदेशी सोव्हिएत रशियात गेले आणि सरकारने त्यांना परत सोडलंच नाही. शेवटी केंब्रिजने त्यांची उपकरणं मॉस्कोला विकली. इकडे केंब्रिजमध्ये जॅक ॲलन आणि डॉन मायसनर ही कॅनडाची जोडगोळी त्याच हेलियमच्या मागे लागली. ८ जानेवारी १९३८ च्या ‘नेचर’मध्ये दोन्हीकडचे पेपर्स एकाच अंकात छापून आले. १९७८ ला नोबेल मिळालं ते फक्त कापित्सांना. ॲलन तेव्हा हयात होते. कापित्सांनी ते कमावलं होतं, वादच नाही, पण क्रेडिटची ही वाटणी मला तरी पटत नाही.

बाय द वे, हा गेम आपल्या कुलाब्यातही खेळला जातो. टीआयएफआरच्या टीमने २०१६ ला बिस्मथ ०.५३ मिलीकेल्विनपर्यंत थंड केला, म्हणजे केल्विनच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्यावर, आणि तो सुपरकंडक्टर झाला. अशी थंडी गाठायलाही हेलियमच लागतो. गंमत अशी, की बिस्मथमध्ये साधारण लाख अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. इतक्या कमी इलेक्ट्रॉन्सवर सुपरकंडक्टिव्हिटी कशी जमते, हे १९५७ पासूनच्या स्टँडर्ड थिअरीत बसत नाही.