अंगभर डोळे असलेले गायक

लहान मुलांना प्रकटीकरणाचा चौथा अध्याय वाचून दाखवला की एक प्रश्न हमखास येतो: "त्यांना कंटाळा नाही येत?" प्रश्न रास्त आहे. देवाच्या राजासनाभोवतीचे चार प्राणी रात्रंदिवस, क्षणाचीही उसंत न घेता त्याला 'पवित्र' म्हणतात, आणि तेही दर खेपेला तीनदा. आपल्याला तर चर्चमध्ये गीताचं पाचवं कडवं सुरू झालं की घड्याळ आठवतं.

उत्तर त्या प्राण्यांच्या अंगावरच लिहिलेलं आहे. एक सिंहासारखा, दुसरा गोऱ्ह्यासारखा, तिसऱ्याचं तोंड माणसाचं, चौथा उडत्या गरुडासारखा. (पुढे हीच चार रूपं चार शुभवर्तमानकारांची चिन्हं झाली.) पण हे दर्शन लिहून ठेवणारा योहान एक गोष्ट दोनदा सांगतो: त्यांच्या अंगावर पुढून, मागून, भोवताली आणि आतूनही डोळेच डोळे आहेत. ज्यांना सर्वांत जास्त दिसतं, त्यांचंच गाणं थांबत नाही! स्तुती गळ्यातून निघते असं आपण धरून चालतो. इथं ती डोळ्यांतून निघते.

याच्या कितीतरी आधी, इ. स. पू. 740 च्या आसपास, उज्जीया राजा वारला त्या वर्षी यशया संदेष्ट्यानं मंदिरात असंच काहीसं पाहिलं होतं. त्यानं पाहिलेल्या सराफीम नावाच्या देवदूतांनाही, या चार प्राण्यांप्रमाणेच, सहा-सहा पंख. त्यांतल्या दोहोंनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय झाकलेले, आणि उडायला उरले दोनच. हिशेब करून पाहा: दोन तृतीयांश पंख नुसते अदबीसाठी राखलेले. तेही 'पवित्र' तीनदाच म्हणतात, आणि एकमेकांना हाक देऊन म्हणतात. मराठीत आपण 'गरमगरम', 'लाललाल' म्हणून शब्दाला जोर आणतो, तशी द्विरुक्ती हिब्रूतही चालते. तिहेरी उच्चार मात्र विरळा. दोनदा म्हणूनही पुरलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा. कॅथलिक मिस्सेत आजही हे तीन उच्चार होतात.

आता योहानाच्या दृश्याची मांडणी पाहा. मध्ये राजासन, त्याभोवती पाचूसारखं इंद्रधनुष्य, समोर स्फटिकासारखा काचेचा समुद्र. आधी चार प्राणी गातात. मग पांढरी वस्त्रं ल्यालेले चोवीस वडील डोक्यावरचे सोन्याचे मुकुट काढून राजासनापुढे टाकतात. रोमन जगात या कृतीचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागला नसता. इ. स. 63 मध्ये आर्मेनियाच्या तिरिदातेस राजानं आपला मुकुट नीरो सम्राटाच्या पुतळ्यापुढे ठेवला होता. शरण आलेला राजा असंच करतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते योहानाला पात्म बेटावर हे दर्शन घडलं ते दोमिशियनच्या काळात, आणि हा सम्राट स्वतःला 'स्वामी आणि देव' म्हणवून घेत असे, अशी नोंद रोमन चरित्रकार स्वेतोनियसनं केली आहे. चोवीस वडील हीच दोन बिरुदं वापरतात, पण दुसऱ्याच राजासनापुढे. ही उपासना दिसते तितकी निरुपद्रवी नाही.

पाचव्या अध्यायात गाणं अडतं. सात शिक्क्यांची गुंडाळी उघडायला योग्य असा कुणीच सापडत नाही आणि योहान रडू लागतो. हुंदक्यांनी भरलेला हा माणूस मला त्या सगळ्या देखाव्यात सर्वांत जवळचा वाटतो. एक वडील त्याला म्हणतो, रडू नकोस, यहूदा वंशाचा सिंह जिंकला आहे. योहान ओले डोळे वर करतो आणि त्याला दिसतो वधलेला कोकरा. ऐकलं सिंहाबद्दल, दिसलं कोकरू. ख्रिस्ती भाविकाची स्तुती या दोहोंच्या मधल्या धक्क्यातून उमटते.

मग गाण्याची वर्तुळं वाढत जातात: प्राणी आणि वडील, त्यांच्या बाहेर देवदूत, त्यांच्याही बाहेर आकाश, पृथ्वी, पाताळ आणि समुद्र यांतला प्रत्येक जीव. देवदूत किती? ग्रीक भाषेत संख्येसाठी सर्वांत मोठा शब्द दहा हजारांचा, संस्कृतातलं 'अयुत' म्हणा. योहान त्या शब्दाला त्याच शब्दानं गुणतो. 10,000 गुणिले 10,000 म्हणजे 10 कोटी, आणि शिवाय वर हजारो हजार. त्याची भाषा तिथं संपली, एवढाच त्याचा अर्थ.

या दोन अध्यायांत पाच गीतं आहेत. त्यांत सर्व भाषांतल्या लोकांचा उल्लेख येतो. त्या भाषांत मराठीची जागा कवी नारायण वामन टिळकांनी अभंगांतून भरली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली त्यांची गीतं आजही गायली जातात. पण मला थक्क करते ती वेगळीच बाब: पाचही गीतांत एकही मागणं नाही. आपल्या रोजच्या प्रार्थनेत चार ओळी गुणगान झालं की 'दे' हा शब्द येतोच, आणि त्यात गैर काही नाही. स्तोत्रसंहिता मागण्यांनी भरलेली आहे. मग स्वर्गात मागण्यांचं काय होतं? त्या वडिलांच्या हातांत आहेत. एकेकाजवळ वीणा आणि धूपानं भरलेली सोन्याची वाटी. योहान सांगतो की तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. ताप उतरू दे, पोराला नोकरी लागू दे, हे सगळं त्या वाट्यांत.

आठव्या अध्यायात सातवा शिक्का फुटतो आणि स्वर्ग एकदम गप्प होतो. वीणा नाही, कोट्यवधींचा घोष नाही. एक देवदूत सोन्याचं धूपपात्र घेऊन वेदीपाशी येतो आणि धूपाच्या धुराबरोबर त्या प्रार्थना देवासमोर चढतात. इस्राएल दिवसा स्तुती करतं म्हणून देवदूत दिवसा मौन पाळतात, असं यहूद्यांच्या तलमूद ग्रंथातही एके ठिकाणी म्हटलं आहे. योहानानं तर त्या शांततेचा वेळही नोंदवून ठेवला आहे: सुमारे अर्धा तास.