जादा वेळेच्या पलीकडे

दादरा-नगर हवेलीच्या सिल्वासातलं एसएसआर कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे, तर डोकमर्डीचं डॉ. एपीजे अब्दुल कलाम सरकारी कॉलेज सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाशी. कोर्टाचं काम मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत, कायदे दिल्लीचे आणि दिव्यांग मुलाच्या अडचणी मात्र खानवेलच्या, दुधनीच्या. गेल्या तीस वर्षांत या मुलांना कॉलेजात काय मिळालं याचा मागोवा घ्यायचा, तर लांबून निघालेला आदेश इथल्या बाकापर्यंत कितपत पोचला हेच पाहावं लागतं.

सुरुवात दिव्यांगांसाठीच्या १९९५च्या कायद्यापासून. तो ७ फेब्रुवारी १९९६ रोजी लागू झाला. त्याने दिव्यांगत्वाचे सात प्रकार मानले आणि सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान ३ टक्के जागा ठेवल्या. प्रवेशाचं दार किलकिलं झालं खरं, पण आत गेल्यावर शिकायचं कसं, हे बहुतांशी त्या मुलाच्या मित्रांवर आणि एखाद्या कनवाळू प्राध्यापकावर सोडलेलं होतं.

ठोस सोय आली ती परीक्षेच्या वाटेने. लेखनिकाचे नियम पूर्वी जागोजागी वेगळे असत. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक स्वतः निवडायची मुभा. २०१८च्या सुधारित सूचनांनी अट घातली, की स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा. गैरप्रकार टाळण्याचा हेतू समजतो. पण परीक्षेच्या खोलीत काय होतं? अर्थशास्त्राचा पेपर. न दिसणारी मुलगी ‘सीमांत उपयोगिता’ सांगते, लेखनिक थबकतो, ती अक्षर अक्षर फोडून सांगते. तोवर जुळवून ठेवलेलं पुढचं वाक्य निसटतं. मग आलेख. वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो हे शब्दांत सांगायचं आणि समोरच्याने तो तसाच काढला असेल यावर विश्वास ठेवायचा. जादा वेळ यातच संपतो. शिवाय दादरा-नगर हवेलीत गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चारही माध्यमांच्या शाळा. मराठीत उत्तरं देणाऱ्या मुलीला भरभर मराठी लिहिणारा लेखनिक शोधण्यापासून तयारी करावी लागते.

पुस्तकांच्या बाबतीत मुंबई पुढे होती. सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ साली दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र उभं राहिलं. ते घडवणारे डॉ. सॅम तारापोरवाला स्वतः दृष्टिबाधित प्राध्यापक. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला आणि अशा वाचकांसाठी पुस्तक सुगम रूपात आणायला परवानगी लागेनाशी झाली. अशीच सवलत देशोदेशी मिळावी म्हणून झालेल्या मराकेश करारावर मोहोर उठवणारा भारत हा पहिला देश, २४ जून २०१४. एनव्हीडीएसारखं फुकट सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. तरी मराठी मुलांचं घोडं अडतं ते फाँटवर. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या नोट्स स्क्रीन रीडर वाचू लागला, की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी ऐकू येते. नोट्स युनिकोडमध्ये द्यायला कुठलाही निधी लागत नाही. ते होत नाही याचा मला संताप येतो.

२०१६च्या नव्या दिव्यांग कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झाला, प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि उच्च शिक्षणातल्या राखीव जागा ५ टक्के केल्या. या एकवीसांत सिकलसेल आहे, आणि सिल्वासाच्या दृष्टीने माझ्या मते तोच या कायद्याचा सर्वांत मोठा बदल. २०११च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीची निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी होती: वारली, कोकणा, धोडिया. दक्षिण गुजरात, पालघर, नाशिकच्या या सलग पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात. गारठा, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, कशानेही कळा सुरू होऊ शकतात. पावसात भिजत बस गाठणं हेसुद्धा निमित्त पुरतं. एरवी सिकलसेल असलेली मुलगी चारचौघींसारखीच दिसते. ना काठी, ना व्हीलचेअर. म्हणून आठवडाभर गैरहजर राहून परतली की पहिला प्रश्न येतो, ‘कुठे होतीस?’

परीक्षेतली सोय मात्र लेखनिकाभोवतीच फिरत राहिली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की लेखनिकासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही. माणसाची गरज पाहून वाजवी सोय द्यायला हवी. त्यानंतर ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांसाठीही सूचना काढल्या. मात्र त्या लिहिण्यात अडचण असणाऱ्यांपुरत्याच. सिकलसेलच्या मुलीला लिहिता येतं. पेपरच्या दिवशी तिला उठता येत नाही. तासाला वीस मिनिटं वाढवून तिचं काय भागणार? तिला हवी आहे हॉस्पिटलातल्या दिवसांची हजेरीत सूट, बुडालेल्या तासांच्या नोट्स, आणि पेपर हुकला तर तो पुढच्या सत्रावर न ढकलता त्याच सत्रात, बरी झाल्यावर देण्याची मुभा. हजेरी कॉलेज ठरवून सांभाळू शकतं. पेपरची तारीख मात्र पुण्याच्या नाहीतर सुरतच्या हातात आहे, आणि मागणी तिथे करायला हवी.