काळ्या मातीवरील कृत्रिम हिरवळ आणि तिची दुरुस्ती

शहराच्या कडेस प्रशस्त बंगला असावा, त्यापुढें बारमाही हिरवळ असावी, आणि तिला पाणी, कापणी व माळी यांपैकीं कशाचीहि गरज पडूं नये, अशी इच्छा अलीकडे पुष्कळ गृहस्थांस होते. ती पुरविण्यासाठीं प्लॅस्टिकच्या तंतूंची कृत्रिम हिरवळ मिळूं लागली आहे. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं छताखालच्या क्रीडागारांत खरें गवत जगेना, म्हणून १९६६ सालीं तेथें ही हिरवळ अंथरण्यांत आली व तिचें नांव सर्वतोमुखीं झालें. पुढें ती मैदानांवरून घरांच्या अंगणांत आली. परंतु पुणें, नाशिक, सोलापूर किंवा नागपूर यांच्या आसपास जेथें काळी चिकण जमीन आहे, तेथें दोन-तीन पावसाळे लोटले, कीं ही हिरवळ कोठें फुगते, कोठें खचते आणि तिचे सांधे उघडतात. कारागीर येऊन सांधा चिकटवितो. पुढच्या वर्षीं तो पुन्हां उघडतो. याचा दोष पुष्कळदां कारागिराकडे नसतो. जखम वर दिसते, रोग खालच्या मातींत असतो.

दख्खनचा काळा पाषाण सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसापासून बनला. त्याच्या झिजेंतून निर्माण झालेल्या काळ्या मातींत माँटमोरिलोनाइट या वर्गाचें खनिज विपुल असतें. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असून पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं ते फुगतात आणि पाणी गेलें कीं आकसतात. वैशाखांत ज्या भेगेंत हात जातो, ती आषाढांत मिटून गेलेली असते. शेतकऱ्यास हें वरदान आहे, कारण भेगांत वरची माती पडून जमीन आपोआप उलथली जाते. अंगण सपाट राखूं पाहणाऱ्यास मात्र तीच गोष्ट शाप ठरते.

हिरवळ अंथरल्यानें यांत आणखी भर पडते. आच्छादनाखालीं मध्यभागाची ओल टिकून राहते. कडा मात्र उन्हानें वाळतात. परिणामीं उन्हाळ्यांत मध्य उंच व कडा खोल होतात, आणि सारा ताण सांध्यांवर येतो. शिवाय चिकण मातींत खड्डा खणून त्यांत खडी भरली व पाण्याला वाट ठेवली नाहीं, तर तो खड्डा पाणी धरणारें भांडेंच बनतो. खळग्यावर दरसाल वाळू ओतीत राहणें म्हणूनच निरर्थक होय.

दुरुस्तीपूर्वीं निदान करावें. दोरी ताणून व पाणसळ लावून निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा उंचसखलपणाची नोंद ठेवावी. फुगवटा पावसांत वाढून उन्हाळ्यांत बसत असेल, तर तें मातीचें काम. ऐन उन्हाळ्यांतहि एकाच जागीं फुगवटा व ओल आढळली, तर खालचा नळ गळतो आहे काय, तें पाहावें. मोठ्या झाडाच्या बाजूस उन्हाळ्यांत जमीन खचत असेल, तर मुळें ओल शोषून घेत आहेत असें समजावें. आणि लांबट खळगा बारा महिने तसाच राहत असेल, तर नळासाठीं खणलेला चर भरतांना नीट चोपला गेला नाहीं, असा तर्क करावा. चारहि रोगांवर एकच औषध चालत नाहीं.

कामाला कार्तिक-मार्गशीर्ष हा काळ बरा, कारण त्या वेळीं जमीन फार ओली नसते व फार तडकलेलीहि नसते. हिरवळींतील वाळू झाडून काढावी, सांधा सोडवून तुकडा गुंडाळून ठेवावा आणि बिघडलेल्या भागांतील काळी माती काढून टाकावी. तिच्या जागीं न फुगणारा मुरूम पातळ थरांनीं घालून, बेताचें पाणी शिंपून, प्रत्येक थर धुम्मसानें चोपावा. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. आर. के. कट्टी यांनीं काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर दिल्यानें फुगवटा आवरतो, हें प्रयोगांनीं दाखविलें. कालव्यांच्या कामीं त्याचा उपयोग झाला. कालव्याइतका जाड थर अंगणास परवडत नाहीं, परंतु तत्त्व तेंच आहे. मुरुमावर गाळणीचें कापड, त्यावर खडी व बारीक कच घालून पृष्ठभागास दर १०० फुटांस १ ते २ फूट उतार द्यावा. तो घराकडून बाहेर असावा, व पाणी शेवटीं मोरीस मिळावें.

सांधा जोडण्यापूर्वीं तुकडा कांहीं वेळ उन्हांत मोकळा पसरावा, म्हणजे त्याच्या वळ्या जातात. दोन्ही बाजूंचे तंतू एकाच दिशेस झुकलेले असावेत. कडा पाठीकडून सरळ कापाव्या. दोहोंमध्यें २ ते ३ मिलिमीटर फट ठेवावी. ओढून ताणून जोडूं नये. खालीं जोडपट्टी व पॉलियुरेथेनचा गोंद लावून वर वजन ठेवावें आणि एक दिवस त्यावर कोणास चालूं देऊं नये. मग वाळू पसरून उलट दिशेनें कुंचा फिरवावा.

हा सारा खटाटोप केवळ शोभेसाठीं नाहीं. जी ओल हिरवळ उचलते, तीच जोत्याखालीं पोहोंचली तर भिंतींस तडे पाडते. उघडलेल्या सांध्यांत म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकतो, हा धोका निराळाच. म्हणून अंगण फुगूं लागतांच गोंदाची नळी शोधण्यापूर्वीं पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें सुज्ञ गृहस्थानें शोधावें. आणि सारेंच अंगण दरसाल हलत असेल, तर हिरवळ आंखूड करून उरलेल्या जागीं मातीचा स्वभाव ओळखून झाडेंझुडपें लावावीं, यांतच शहाणपण आहे.